तपासणीची रांग : नाशिकच्या एका विद्यार्थी गाडीचा प्रकरण अभ्यास

नाशिकच्या एका अभियांत्रिकी कॉलेजचा संघ शेल इको-मॅरेथॉनच्या आशिया-पॅसिफिक स्पर्धेत लागोपाठ दोन वर्षं उतरला. पहिल्या वर्षी गाडी ट्रॅकवर गेलीच नाही. ती तांत्रिक तपासणीत अडकली आणि खोक्यात बंद होऊन परत आली. दुसऱ्या वर्षी तपासणी पहिल्याच दिवशी पार पडली, गाडी धावली आणि अधिकृत निकालात या मुलांचा आकडा लागला. कॉलेज तेच, वर्कशॉप तेच, मोटर तीच, पैशांची ओढाताणही जवळपास तेवढीच. मग बदललं काय? ते समजून घेण्यासाठी मी संघातल्या मुलामुलींशी, त्यांच्या सरांशी आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमधल्या ज्या लोकांनी त्यांना मदत केली त्यांच्याशी बोललो, संघाची नोंदवही पानापानानं वाचली. मुलांच्या विनंतीवरून इथे कोणाचंही नाव घेतलेलं नाही, कॉलेजचंही नाही.

माझं मत आधीच सांगतो. दुसऱ्या वर्षीची गाडी पहिल्या वर्षीपेक्षा हुशार नव्हती. ती थोडी जड होती आणि एकदोन बाबतीत साधीही होती. पण पहिल्या वर्षी मुलांनी आधी गाडी बनवली आणि मग ती नियमांत बसवायला घेतली. दुसऱ्या वर्षी नियमपुस्तक वाचून संपेपर्यंत कोणी ड्रॉइंगची एक रेघ मारली नाही. बाकीचे सगळे निर्णय या एका बदलातून निघाले, आणि त्यातले काही मुलांच्या जिवावर आले.

स्पर्धा कसली आहे

ही शर्यत वेगाची नाही. कमीत कमी ऊर्जेत जास्तीत जास्त अंतर कोण कापतं, हे इथे मोजतात. १९३९ साली अमेरिकेतल्या शेलच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी आपापसात अशी पैज लावली होती. विद्यार्थ्यांची स्पर्धा म्हणून ती १९८५ साली फ्रान्समध्ये सुरू झाली, आशियात २०१० साली मलेशियाच्या सेपांग सर्किटवर आली. २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत आशिया-पॅसिफिक विभागाची स्पर्धा इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावर, मंदालिका सर्किटवर झाली. हे प्रकरण त्याच काळातलं.

गाड्यांचे दोन वर्ग असतात. अर्बन कन्सेप्ट म्हणजे रस्त्यावरच्या मोटारीसारखी दिसणारी चारचाकी, आणि प्रोटोटाइप म्हणजे जमिनीलगत धावणारी, जवळपास आडवं होऊन चालवायची निमुळती गाडी. नाशिकचा संघ प्रोटोटाइप वर्गात, बॅटरीवरच्या गटात होता. या वर्गात गाडीचं वजन चालकाशिवाय १४० किलोंपेक्षा जास्त चालत नाही आणि चालकाचं वजन ५० किलोंपेक्षा कमी चालत नाही. ठरलेल्या फेऱ्या ठरलेल्या वेळेत पूर्ण कराव्या लागतात, त्यामुळे सरासरी वेग तासाला २५ किलोमीटरच्या आसपास ठेवावा लागतो. बॅटरीतून किती ऊर्जा गेली, हे आयोजकांनी दिलेला ज्यूलमीटर मोजतो. निकाल किलोवॅट-अवरमागे किती किलोमीटर, असा लागतो. महावितरणच्या बिलातलं एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-अवर.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून थोडा हिशोब देतो. नाशिकची गाडी आणि चालक मिळून सुमारे १०० किलो. साध्या, चांगल्या सायकल टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर रस्त्यावर फिरताना होणारा विरोध, धरला तर ही गाडी पुढे रेटायला पाच न्यूटनच्या आसपास जोर लागतो. २५ च्या वेगाला हवेचा विरोध आणखी तीनेक न्यूटन. एकूण आठ न्यूटनसुद्धा नाही, म्हणजे पाऊण किलो साखरेची पिशवी हातात धरायला लागतो साधारण तेवढाच जोर. मोटर आणि चेनमधलं नुकसान धरून एका युनिटमध्ये साडेतीनशे किलोमीटरच्या जवळपास जाता यावं, असं कागदावर निघतं. एवढ्या कमी जोराच्या खेळात अर्धा न्यूटन कुठे हरवला तरी निकालात दिसतो. म्हणूनच मुलं वजन आणि आकार यांच्या मागे लागतात, आणि पहिल्या वर्षी हा संघही तिथेच अडकला.

पहिलं वर्ष

पहिल्या संघाचं सगळं प्रेम बॅटरीवर होतं. इलेक्ट्रिकलच्या मुलांनी सुटे लिथियम सेल आणून, एकेकाची क्षमता मोजून, जुळणारे निवडून स्वतः पॅक बांधला होता. काम खरोखर देखणं होतं. मी तो पॅक पाहिला आहे. निकेलच्या पट्ट्या इतक्या नीट बसवलेल्या आहेत की एखाद्या कारखान्याला हेवा वाटावा. वजनही कमी.

अडचण आली ती गाडी पाठवायची वेळ झाली तेव्हा. लिथियम बॅटरी वाहतुकीच्या नियमांत घातक माल म्हणून मोडते, वर्ग ९. तिच्यावर संयुक्त राष्ट्रांच्या यूएन ३८.३ या चाचण्या झालेल्या असाव्या लागतात. कमी दाब, तापमानाचे चढउतार, कंपन, धक्का, शॉर्टसर्किट, जास्त चार्जिंग अशा त्या चाचण्या असतात, आणि त्यांचा गोषवारा दाखवणं २०२० पासून बंधनकारक आहे. सुटी बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून २०१६ पासून नेताच येत नाही. मालवाहू विमानातही ती ३० टक्क्यांपर्यंतच चार्ज केलेली चालते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बांधलेल्या पॅकला यातला एकही कागद नव्हता, असणं शक्यही नव्हतं. गाडी गेली आणि पॅक नाशिकला राहिला.

संघ लोम्बोकला पोहोचल्यावर मुलांनी माताराम शहरात फिरून ई-बाइकची एक बॅटरी मिळवली. ती चालत होती. पण तपासणीच्या रांगेत पहिलाच प्रश्न आला: हिची बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) कोणती, सेल बॅलन्सिंग (सगळे सेल सारखे चार्ज ठेवणं) होतं का, माहितीपत्रक कुठे आहे? वायरिंगची आकृती जुन्या पॅकची होती. फ्यूज जुन्या वायरच्या हिशोबानं घेतलेला. तपासनीस सभ्य होते. त्यांनी यादी हातात दिली आणि रांगेच्या शेवटी परत यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी विजेचं प्रकरण कसंबसं मार्गी लागलं, तेव्हा ब्रेकच्या उतारावर गाडी घसरली. तिसऱ्या दिवशी वेळ संपली.

या संघाच्या हातून सगळ्यात मोलाचं काम यानंतर झालं. परतीच्या विमानात कप्तान मुलीनं तपासनिसांची प्रत्येक टिप्पणी आठवून, प्रत्येकाला विचारून, नियमाच्या क्रमांकासह नोंदवहीत उतरवली. कोणी चिडून काय बोललं तेही त्यात आहे, आणि शेजारी कोणत्या देशाच्या संघानं तोच प्रश्न कसा सोडवला होता तेही. आपल्याकडे हरून आलेला संघ सहसा पांगतो. शेवटच्या वर्षाची मुलं नोकरीला लागतात आणि पुढची मुलं पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. इथे ती वही मागे राहिली.

बॅटरीचा वाद

नवीन वर्षाची पहिली मोठी बैठक ऑगस्टमध्ये झाली आणि ती वादाची झाली. प्रश्न साधा होता: स्वतःचा पॅक सुधारायचा, की चाचणीचे कागद असलेला तयार पॅक विकत घ्यायचा?

इलेक्ट्रिकलचा प्रमुख, तिसऱ्या वर्षाचा मुलगा, उभा राहून म्हणाला, “सर, विकतचीच लावायची तर आमचं काम उरलं काय? मग मोटरही विकत घ्या, गाडीही घ्या.”

सरांनी लगेच उत्तर दिलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी हिशोब मांडायला लावला. तयार पॅक दीड किलोनं जड होता. १०० किलोंत दीड किलो म्हणजे दीड टक्का. पण वजनाचा परिणाम मुख्यतः रोलिंग रेझिस्टन्सवर होतो आणि तो एकूण विरोधाच्या साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नुकसान एक टक्क्याच्याही आत. साडेतीनशेपैकी तीन किलोमीटर. फळ्यावर हा आकडा आल्यावर खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग कप्तान म्हणाली, “तीन किलोमीटर वाचवायला गेलो आणि मागच्या वर्षी शून्य आलं.”

तरीही त्या मुलाचा मुद्दा खोटा नव्हता. स्पर्धा शिकण्यासाठी असते. ज्या कामातून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं तेच काढून घेतलं तर गटाचा उत्साह जाईल, ही भीती सरांनाही होती. तोडगा असा निघाला: घरचा पॅक नाशिकमधल्या सरावासाठी ठेवायचा, स्पर्धेला तयार पॅक न्यायचा, आणि इलेक्ट्रिकलच्या गटानं कंट्रोलर, वायरिंग आणि करंट नोंदवणारा लॉगर या तीन गोष्टी पूर्णपणे आपल्या अंगावर घ्यायच्या. पुढे तो लॉगरच संघाच्या सगळ्यात उपयोगी पडला. तो मुलगा मला म्हणाला की त्याला महिनाभर वाईट वाटत होतं. पण पॅक खोलून बीएमएसच्या एकेका पिनेला काय येतं ते मोजून आकृती काढली, तेव्हा आपला पॅक कुठे कमी पडला असता हेही त्याला दिसलं.

उतार

ब्रेकची परीक्षा अशी असते. चालकासकट गाडी २० टक्के उतारावर ठेवतात. पुढचे आणि मागचे ब्रेक वेगवेगळे असावे लागतात, आणि दोन्ही एकेकटे दाबून गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे. पहिल्या वर्षी मागचा ब्रेक दाबला तेव्हा चाक पक्कं अडकलं होतं, तरी गाडी सरकली. तेव्हा मुलांना वाटलं ब्रेक कमजोर आहे. त्यांनी तिथल्या तिथे कॅलिपर बदलला, केबल ताणली. गाडी तरीही सरकली.

नोंदवहीतल्या या नोंदीवर दुसऱ्या वर्षीच्या एका मुलानं पेन्सिलनं लिहिलं आहे: “ब्रेक नाही, वजन.” तो बरोबर होता. १०० किलोंची गाडी २० टक्के उतारावर सुमारे १९० न्यूटननं खाली ओढली जाते. तीनचाकी गाडीत मागे एकच चाक, त्यावर त्या वर्षी ३० टक्केच वजन येत होतं. गाडीचं नाक खाली असेल तर त्यातलंही थोडं पुढे सरकतं. मग त्या टायरची जमिनीवरची पकडच पावणेदोनशे न्यूटनपर्यंत उरते. कितीही भारी ब्रेक लावा, घसरणार ते टायर.

उपाय गाडीच्या मांडणीत होता. चालकाची बैठक सहासात सेंटिमीटर मागे घेतली, आणि पायांजवळ असलेली बॅटरी चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकाजवळ नेली. मागचा भार ३५ टक्क्यांवर गेला. ज्या जड पॅकवरून एवढा वाद झाला होता त्याचं वजन इथे कामाला आलं. वर्कशॉपच्या मागे भंगारातल्या अँगलचा आणि प्लायवूडचा उतार उभा केला, तीन मीटर लांबीला साठ सेंटिमीटर उंची. गाडीची चौकट तयार झाल्यावर, बॉडी चढण्याच्याही आधी, ती या उतारावर चढवली गेली. बॉडी बसल्यावर पुन्हा, बॅटरी बसल्यावर पुन्हा. मला या सगळ्या प्रकरणात कोणती एक वस्तू दाखवायची असेल तर ती हा ओबडधोबड उतार.

चाकं

गाडी किती मोकळी चालते हे पाहायचा साधा उपाय म्हणजे वेग घेऊन मोटर बंद करायची आणि ती किती लांब जाते ते मोजायचं. सुट्टीच्या दिवशी पहाटे, वर्दळ सुरू व्हायच्या आत, औद्योगिक वसाहतीतल्या एका सपाट रस्त्यावर हा सराव चालायचा. दोन्ही टोकांना मुलं उभी राहून वाहनं थांबवायची. हिशोबाप्रमाणे २५ च्या वेगावरून गाडी चारशे मीटरच्या आसपास जायला हवी होती. ती तीनशेच्या आत थांबत होती.

मुलांनी बेअरिंग बदलली, ग्रीस धुऊन पातळ तेल घातलं, चेन बदलली. दहापंधरा मीटर वाढले. मग ते गाडी घेऊन सातपूरला एका काकांकडे गेले. या काकांचा लहान कारखाना आहे, स्टीअरिंगचे भाग जॉबवर्कवर करतात, शिक्षण आयटीआयचं. त्यांनी गाडी स्टँडवर घेतली, चाक फिरवलं, ऐकलं. मुलांनी टो-इन, म्हणजे पुढची चाकं एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते, मोजल्याचे आकडे दाखवले, ते अगदी बरोबर होते.

“मोजलं कसं?”

“दोरा लावून, काका. मिलिमीटरपर्यंत बरोबर आहे.”

“गाडीत कोण बसलं होतं?”

कोणीच बसलं नव्हतं.

“मग रिकामी गाडी मोजून काय करायचं? जी चालवणार तिला बसवा आणि मग दोरा लावा.”

चालक मुलगी आत बसली, आणि डोळ्यांदेखत पुढची दोन्ही चाकं बाहेरच्या बाजूला फाकली. पुढचा अॅक्सल वजन वाचवण्यासाठी पातळ नळीचा केला होता. माणूस बसला की ती वाकत होती आणि स्टीअरिंगचे हात त्याबरोबर फिरत होते. चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेतल्या अंतरात दोन्ही चाकं मिळून १५ मिलिमीटरच्या वर फरक पडत होता, म्हणजे प्रत्येक चाक जवळपास एका अंशानं तिरकं. तिरकं चाक पुढे जाताना रस्त्यावर थोडं घासतही जातं, आणि ते घासणं कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. अर्धा अंश चालून जातो, एक अंश खाऊन टाकतो.

काकांनी नळीच्या खालून एक पट्टी बसवून दिली आणि टाय-रॉडला, म्हणजे स्टीअरिंगची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याला, उजव्या-डाव्या आट्यांचा अॅडजस्टर लावला. वजन दोनतीनशे ग्रॅमनं वाढलं. पुढच्या पहाटे गाडी पावणेचारशेच्या पुढे गेली. त्या दिवसापासून नोंदवहीत प्रत्येक मापाच्या पुढे “चालकासह” किंवा “रिकामी” असं लिहिलेलं आहे.

पैशांबद्दलही इथेच सांगतो. हा संघ दुसऱ्या वर्षी फार कमी ठिकाणी पैसे मागायला गेला. त्यांनी मशीनचा वेळ मागितला: कुठे रात्रपाळीत सीएनसीवर दोन तास, कुठे टिग वेल्डिंगसाठी एक दुपार, कुठे पावडर कोटिंगच्या भट्टीत एक कोपरा. नाशिकमध्ये मोटारी, इंजेक्टर आणि स्विचगिअर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या भोवती असे शेकडो लहान कारखाने आहेत, आणि तिथला माणूस रोख रक्कम द्यायला कचरतो पण काम करून द्यायला सहसा नाही म्हणत नाही. शिवाय काम करताना तो चार गोष्टी शिकवतोच.

ओझरचे सर

नाशिकजवळच्या ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. मिगपासून सुखोईपर्यंत विमानं तिथे जुळवली गेली, आणि त्यामुळे नाशिकमध्ये तपासणीचं काम आयुष्यभर केलेली बरीच माणसं निवृत्त होऊन राहतात. त्यांतल्या एकांना मुलांनी गाठलं. ते म्हणाले, “मी गाडीबद्दल काही सांगणार नाही. मी फक्त विचारणार.”

आणि त्यांनी विचारलं. हा नट कोणी घट्ट केला? कधी? किती टॉर्कला? लिहिलंय कुठे? त्यांच्यामुळे प्रत्येक महत्त्वाच्या नटावर लाल रंगाची एक रेघ आली, नट आणि बोल्ट दोन्हींवरून जाणारी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. स्टीअरिंगच्या जोडांना लॉकवायर, म्हणजे नट सैल होऊ न देणारी तार, आली. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याची जागा फोमवर कापली गेली, म्हणजे गाडीत पाना विसरला तर पेटी बंद करतानाच कळतं.

त्यांनी रंगीत तालीम घेतली तीही नियमपुस्तक हातात धरून, कलमाकलमानं. पहिल्या तालमीत गाडी नापास झाली. हॉर्न चार मीटरवर ८५ डेसिबल हवा होता, तो भरला नाही. हात सुटताच मोटर बंद करणारा डेडमॅन स्विच अधूनमधून अडकत होता. चालकाच्या हेल्मेटच्या वर रोलबार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा दांडा) पाच सेंटिमीटर हवा, तो बैठक मागे सरकवताना कमी पडला होता आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. एक गोष्ट सुधारताना दुसरी बिघडते. ती लोम्बोकला सापडण्यापेक्षा नाशिकला सापडली.

चालकानं १० सेकंदांत गाडीबाहेर पडायचं असतं. पहिल्या तालमीत चौदा लागले, कारण पाच टोकांच्या पट्ट्याचं बक्कल जर्सीच्या घडीत अडकत होतं. ही मुलगी निफाड तालुक्यातली, घरी द्राक्षबाग. तिचे वडील एकदा कॉलेजात आले, गाडीभोवती फिरले आणि सरांना म्हणाले, “सर, आग लागली तर पोरगी निघंल का यातून?” सरांनी त्यांना समजावत बसण्याऐवजी तिला हेल्मेट घालून आत बसायला सांगितलं आणि घड्याळ वडिलांच्याच हातात दिलं. तोपर्यंत वेळ आठ सेकंदांवर आली होती. मग अग्निशामक दाखवला, पट्टा चालकाच्या दीडपट वजनाला टिकतो हे टांगून दाखवलं. वडिलांनी पासपोर्टच्या अर्जासाठी लागणारे कागद दुसऱ्या दिवशी पाठवले. परदेशी स्पर्धेला मुली का कमी येतात, यावर आपण बरंच बोलतो. त्या वडिलांना गाडी सुरक्षित असल्याचं प्रत्यक्ष बघायला मिळालं, आणि बहुतेक पालकांना एवढंच हवं असतं असं मला वाटतं.

गाडी समुद्रात, मुलं परीक्षेत

जुलैतल्या स्पर्धेसाठी गाडी जहाजानं काही आठवडे आधीच न्हावा शेवाहून निघावी लागते. तात्पुरत्या निर्यातीसाठी एटीए कार्ने हा सीमाशुल्काचा कागद घेतला. भारतात तो फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाकडून मिळतो, आणि त्यात खोक्यातल्या प्रत्येक वस्तूची यादी असते. जे गेलं ते तसंच परत यायला हवं. बॅटरीचे कागद या वेळी पहिल्या फाइलमध्ये होते.

हा काळ विद्यापीठाच्या सेमिस्टर परीक्षेचा. संघानं एक नियम केला होता: कप्तान आणि संघातल्या गटांचे प्रमुख तिसऱ्या वर्षाचेच, शेवटच्या वर्षाची मुलं सल्लागार. शेवटच्या वर्षाला मुलाखती आणि प्रोजेक्ट एकदमच येतात, आणि ती मुलं जूनमध्ये निघूनही जातात. तरीही दोघांच्या एटीकेट्या, म्हणजे नापास होऊन राहिलेले विषय, वाढल्या. सरांनी ही गोष्ट माझ्यापासून लपवली नाही, मीही इथे लपवत नाही. अशा संघात उतरणाऱ्या मुलाचा अभ्यास मागे पडतो. त्याची भरपाई कॉलेजनं कशी करायची, टर्म वर्कमध्ये हे काम कसं धरायचं, याचं उत्तर या प्रकरणात मिळालेलं नाही.

जूनमध्ये नाशिकला पाऊस सुरू झाला. गाडी नव्हती, म्हणून गाडीची मोजमापं घेऊन बनवलेली प्लायवूडची खोटी कॉकपिट वर्कशॉपमध्ये ठेवून बाहेर पडण्याचा, चाक बदलण्याचा, रेडिओवर बोलण्याचा सराव चालू राहिला.

लोम्बोक

तिथलं वर्णन थोडक्यात करता येतं, कारण अवघड काम नाशिकलाच झालं होतं. तपासणीत विजेच्या टेबलावर फाइल उघडली: बीएमएसचं माहितीपत्रक, वायरिंगची आकृती, फ्यूजचा हिशोब, चाचणीचा गोषवारा. उतारावर गाडी दोन्ही ब्रेकवर उभी राहिली. मुलीनं बाहेर पडायला आठ सेकंद घेतले. एक हरकत निघाली, ती आरशाची. तो डगमगत होता. जाग्यावरच घट्ट केला. संध्याकाळी गाडीवर तपासणीचं स्टिकर लागलं.

पहिला प्रयत्न बाद झाला. जुलै हा लोम्बोकचा कोरडा मोसम, आणि समुद्राकडून वारा जोरात असतो. गाडी पळवायची, मोटर बंद करून सोडून द्यायची, वेग उतरला की पुन्हा थोडी मोटर, अशी नाशिकच्या रस्त्यावर बसवलेली पद्धत. पण समोरच्या वाऱ्यात गाडी लवकर मंदावत गेली, चालकानं ऊर्जा वाचवण्याच्या नादात मोटर उशिरा लावली आणि वेळ ओलांडली. रात्री इलेक्ट्रिकलच्या मुलानं लॉगरच्या नोंदी काढल्या. मोटर कुठे लावायची याच्या जागा बदलल्या: वारा समोरून येतो त्या सरळ पट्ट्याआधी वेग वाढवून घ्यायचा, पाठीवर वारा असेल तिथे सोडून द्यायचं. दुसरा प्रयत्न वेळेत बसला. तिसऱ्यात युनिटमागे पावणेतीनशे किलोमीटरच्या थोडा वर आकडा आला आणि तोच शेवटी धरला गेला.

हे कागदावरच्या साडेतीनशेपेक्षा बरंच कमी आहे. वळणं, चढउतार, वारा आणि गर्दीतून वाट काढताना दाबलेले ब्रेक यांत ते गेलं. आशियातले मुरलेले संघ याच गटात याच्या कितीतरी पुढे आहेत. मग याला यश म्हणायचं का? माझ्या मते नक्की म्हणायचं. वर्षभरात बांधलेल्या यंत्राला अनोळखी तपासनिसांनी नियमानुसार पास केलं, ते दुसऱ्या देशातल्या ट्रॅकवर वेळेत धावलं आणि त्याचा आकडा त्रयस्थ मीटरनं मोजला. इंजिनिअरिंगच्या शिक्षणात चार वर्षांत एवढी कडक परीक्षा दुसरी कुठलीच होत नाही. परत आल्यावर स्टेशनवर हार-तुरे झाले, वर्तमानपत्रात फोटो आला. त्या फोटोत सातपूरचे काका आणि ओझरचे सर नाहीत. पुढच्या वेळी संघानं त्यांना पुढच्या रांगेत उभं करावं.

जे राहिलं

संघाच्या नव्या कप्तानानं तीन कामं हातात घेतली आहेत. पहिलं टायरचं. रोलिंग रेझिस्टन्स निम्म्यावर आणणारे खास टायर मिळतात, पण महाग आणि लवकर झिजणारे. ते फक्त स्पर्धेपुरते वापरायचे तर त्यांच्यावर सराव कसा करायचा, यावर एकमत नाही. दुसरं बॉडीचं. यंदाची फायबरची बॉडी हातानं घडवलेली असल्यानं दोन्ही बाजू सारख्या नाहीत. साचा करायचा तर दोन महिने आणि बराच पैसा लागतो, आणि तो साचा पुढची चारपाच वर्षं वापरायचा असेल तरच परवडतो. तिसरं काम नोंदवहीचं. ती एकच प्रत आहे, पानं सुटायला आली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्या वर्षाची मुलं ती टाइप करायला बसणार आहेत, आणि कप्तानानं त्यांना बजावलं आहे की चिडून लिहिलेल्या ओळी गाळायच्या नाहीत.